मोजे काढा

बाबा,

दादाची पोरगी, तुमची नात, लष्करात अधिकारी व्हायला गेली आहे. तुम्ही असतात तर ही बातमी तुम्हाला दादाने दिली असती, मी नाही, कारण आपल्या घरात कोणी कोणाला काय सांगायचं ते ठरलेलं होतं. ती कधीचीच गेली, निम्मं प्रशिक्षणही झालं, आणि आज मी लिहायला बसले आहे ती काही पेढे वाटायला नाही. मी वैतागले आहे. दादावर वैतागले आहे, थोडी पोरीवर, आणि सगळ्यात जास्त तुमच्यावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भांडायला समोर कोणी उरलेलं नाही. दादा माझा फोन उचलत नाही. वहिनी उचलते आणि आवाज खाली करून सांगते की ते झाडांना पाणी घालत आहेत. भर दुपारी, नागपूरच्या उन्हात. मी म्हणते बरं, आणि ठेवून देते.

तुम्ही सुट्टीवर यायचात ते दिवस मला स्वयंपाकघरापासून आठवतात. आई पोळ्यांना बसली आहे, तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून आणि कणकेचे गोळे तिच्या हातातून काढून ताटात मांडत आहात. हे दहा जण म्हणजे एक सेक्शन. असे तीन सेक्शन म्हणजे एक प्लाटून. तीन प्लाटूनची कंपनी, आणि तशा कंपन्या मिळून पलटण. गोळे संपले की तुम्ही लसणाच्या पाकळ्या घ्यायचात. बाजूला ठेवलेला कांदा म्हणजे कर्नलसाहेब. मी विचारलं की तुम्ही कुठे आहात, तर तुम्ही एक मिरची उचललीत आणि कांदा आणि गोळ्यांच्या बरोबर मध्ये ठेवलीत. "सुभेदार इथं असते. साहेब येते, दोन वर्षानं बदली होऊन जाते. जवान राहते. साहेबाचं खाली सांगाचं, जवानाचं वर सांगाचं. मी दरवाजा आहो समज." आई लाटणं हातात धरून थांबली होती. ती म्हणाली, "तुमची पलटण वाळून राहिली. लाटू काय आता?" तुम्ही हसून पूर्ण प्लाटून तिच्या परातीत परत टाकलीत.

मला वाटायचं लष्कर म्हणजे गोळीबार. तुम्ही त्यावर वैतागायचात, आज मी जशी वैतागते तशीच. तुम्ही सांगायचात की बंदूक सगळ्यात शेवटी येते. आधी पाणी, मग पीठ-डाळ, मग बूट, मग घरची चिठ्ठी, मग दवाखाना, आणि हे सगळं वेळेवर पोचलं तर कधीतरी बंदूक. आता टीव्हीवर रोज संध्याकाळी कोट घातलेले लोक लढाया लढतात. त्यातल्या एकालाही चढावर पिठाचं पोतं कोण नेतं हे ठाऊक नसतं. दादा तेच कार्यक्रम मोठ्या आवाजात लावून बसतो. एकदा मी त्याला म्हटलं की बाबा असते तर त्यांनी टीव्ही बंद केला असता. तो म्हणाला, "तुले काय समजते वं फौजेतलं?" वीजकेंद्रात आयुष्य काढलेला माणूस मला हे विचारतो. पण त्याला मी उत्तर देत नाही, कारण भरतीच्या मैदानावरून तो कसा परत आला होता ते मी पाहिलं आहे. गुडघे एकमेकांना लागतात म्हणून काढून टाकलं. धावण्यात तो पहिल्या काही जणांत होता. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. मग तो कोराडीच्या वीजकेंद्रात लागला, राखेत आणि आवाजात, आणि त्याने तक्रार केली नाही. तक्रार कुठे करायची ते ठरलेलं होतं ना.

घरात तुम्ही जे उभं केलं होतं ते मी पोरीला समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा ती हसली. सुट्टीत रोज दिवेलागणीला आपल्या अंगणात रोल कॉल व्हायचा. दादा उजवीकडे, मी त्याच्या डावीकडे, चपला काढून, हात मांडीला लावून. आई तुमच्या बाजूला, पदर खोचून, पोळीचं पीठ हाताला तसंच. तुम्ही विचारायचात, "सिक रिपोर्ट?" म्हणजे आज कोण आजारी आहे. मला काही होत असेल तर मी दादाला आधीच सांगितलेलं असायचं, दादाने आईला, आणि आईने तुमच्यापर्यंत आणायचं की नाही ते ठरवलेलं असायचं. बहुतेक वेळा ती एखादा काढा देऊन मोकळी व्हायची. म्हणून अंगणात आम्ही दोघं एकदम ओरडायचो, "सब ठीक!" शेजारचे कुंपणाशी उभे राहून बघायचे. मला त्यात लाज वाटत नव्हती, खरं तर मिरवायला आवडायचं.

हे सगळं तुम्हाला एवढं प्रिय का होतं ते मला कळतं. आजोबा मिलमध्ये होते. दीक्षेच्या दिवशी पांढरा सदरा घालून मैदानावर गेले आणि तो सदरा त्यांनी मरेपर्यंत जपला. त्यांच्या गावात पाण्याला शेवटी आपण, जेवायला शेवटी आपण, आणि शेवटी कुठपर्यंत शेवटी याचा काही नेम नाही. तुम्ही म्हणायचात की लंगरमध्ये, पलटणीच्या जेवणघरात, पहिल्या दिवशी ताट घेऊन उभा राहिलो आणि कोणी जात विचारली नाही. "लाइन असते फौजेत. जो आधी आला तो आधी. एवढंच पायजे होतं आपल्याले." रांग, हुद्दा, नंबर, कोणी कोणाला सांगायचं, या गोष्टी तुम्हाला बेड्या वाटल्या नाहीत, आधार वाटल्या. आणि तुम्ही आंधळेही नव्हतात. समोरच्या घरातले काका एकदा चहा पिताना म्हणाले की या देशात एकदा मिलिटरीचं राज्य आणा, सगळे सरळ होतील. तुम्ही कप खाली ठेवलात. "ज्याले मत देऊन खाली उतरवता येत नाही, त्याच्या हाती राज्य देऊन राहिले काय तुम्ही? आम्ही हुकूम ऐकणारे लोकं आहो. सरकार चुकलं तर तुम्ही बदला. आमच्या हाती बंदूक आहे म्हणूनच आम्ही तोंड नाही उघडाचं." काका चहा संपवून निघून गेले. मी तेव्हा लहान होते, पण हे वाक्य मी नंतर किती वेळा वापरलं, सांगत नाही.

पण बाबा, घरात तुम्हाला खाली कोण उतरवणार होतं?

आता ती गोष्ट, जी तुम्ही आम्हाला अभिमानाने सांगायचात आणि जिच्यामुळे मला तुमचा आज इतका राग येतो. वर कुठेतरी बर्फात एका जवानाने पाय दुखतोय हे लपवलं. ओले मोजे घालून तो चालत राहिला. सांगितलं तर खाली पाठवतील, सोबतचे हसतील, म्हणून रोज संध्याकाळी हवालदाराने विचारलं की तो ठीक म्हणायचा. शेवटी बूट निघेना. त्याची दोन बोटं गेली. तुम्ही कंपनीसमोर उभे राहून सांगितलंत की चूक त्या पोराची नाही, माझी आहे, मी पाय पाहिले नाही. त्यानंतर तुम्ही तोंडी विचारणं बंद केलंत. रोज संध्याकाळी हुकूम, "मोजे काढा." आणि तुम्ही स्वतः एकेकाचा पाय मांडीवर घेऊन, बोटं फाकवून, टाच दाबून, कंदिलाच्या उजेडात बघायचात. एवढ्या मोठ्या मिशांचा सुभेदार पोरांचे घाणेरडे पाय हातात घेतो म्हणून आधी जवान संकोचायचे. तुम्ही म्हणायचात, "विचारलं तर जवान ठीकच म्हणते. पाय खोटं नाही बोलत." हे तुम्ही आम्हाला आपल्याच ओसरीवर सांगितलंत. आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

मला आईचं दुखणं तेव्हाच दिसलं होतं. बादली उचलताना ती डावा हात छातीशी धरायची आणि तोंड दुसरीकडे करायची. मी नियमाप्रमाणे दादाला सांगितलं. दादाने नियमाप्रमाणे आईला सांगितलं. आई म्हणाली, "पाहू." तिच्यापुढे कोण होतं? तुम्ही. आणि तुमच्यापर्यंत काय न्यायचं ते ठरवणारी तीच. तुम्ही सुट्टीवर होतात बाबा, दूर सीमेवर नव्हतात. रोज संध्याकाळी ती तुमच्याजवळ उभी होती, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. तुम्ही रांगेकडे बघून विचारायचात आणि ती रांगेत नव्हती. तुम्ही परत गेलात. मग थंडी आली, आणि आजीने एक दिवस तिला नाहताना पाहिलं, छातीवरची गाठ दिसली आणि ती ओरडली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की इतके दिवस काय करत होतात. तुम्ही तार मिळून पोचलात तेव्हा ती बोलत होती अजून. तुम्हाला म्हणाली की पोरांचं वेळेवर पाहा.

ती गेल्यावर तुम्ही दादाला विचारलंत, "रिपोर्ट काहून नाही केली गा?" मी शेजारी होते. दादाने खाली बघून सांगितलं, "केली होती. आईले."

तुम्ही तोंडावर हात फिरवलात आणि आत गेलात. मला वाटलं आता हे संपलं. पण पुढच्या सुट्टीत पुन्हा दिवेलागणीला शिट्टी वाजली. तुम्ही अंगणात उभे, आणि दादाला म्हणालात की तू इकडे ये, माझ्या बाजूला. फौजेत जागा रिकामी ठेवत नाहीत. आईच्या जागी दादा उभा राहिला आणि रांगेत मी एकटी. तुम्ही विचारलंत, "सिक रिपोर्ट?" आणि मी सब ठीक म्हटलं, कारण दुसरं काय म्हणायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणायचं होतं, मोजे काढा. मी एवढ्यासाठी किती वर्षं रागावून होते आणि तुम्हाला ते समजलंही नाही. समजणार कुठून, माझी तक्रार आता दादाकडून यायची होती.

दादा त्या जागेवरून अजून हललेला नाही. वहिनीचं, पोरीचं, सगळं त्याच्याकडून जातं. पोरगी निवडली गेली त्या दिवशी त्याने तुमच्या तसबिरीसमोर सॅल्यूट केला आणि मग रस्त्यावरच्या सगळ्यांना थांबवून थांबवून सांगितलं. प्रशिक्षण पूर्ण होऊन खांद्यावर तारे लावतात त्या समारंभाची विमानाची तिकिटं त्याने ती सुट्टीवर यायच्या आधीच काढली होती. आईवडिलांनी एकेका खांद्यावर तारा लावायचा असतो म्हणे. तो घरी उशीला तारा लावायचा सराव करायचा. हे वहिनीने मला हसत सांगितलं, आणि मलाही हसू आलं.

ती सुट्टीत माझ्याकडे दोन दिवस राहायला आली. उन्हं तापायला लागली होती, मी कूलरला नवीन वाळा लावून घेतला होता आणि तिच्यासाठी भरपूर कोथिंबिरीची सांबारवडी केली होती. केस कापलेले, चेहरा काळवंडलेला, पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकत नव्हती. जिना चढताना तिने भिंतीला हात लावला. जेवून उठताना आधी उजवा पाय सरळ केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. हातातली वाटी मी खाली ठेवली. तसं तोंड फिरवणं मी याआधी पाहिलं आहे.

मी विचारलं तर ती म्हणाली काही नाही, सब ठीक. हे शब्द तिला कोणी शिकवले, दादानेच. मग मी तिला म्हटलं, मोजे काढ. तिला वाटलं मी गंमत करते आहे. मी खाली बसले, माझेही गुडघे आता कुरकुरतात, आणि तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. तळव्याला घट्टे, अंगठ्याचं नख काळं. पण दुखत होतं ते वर, नडगीवर. तिथे मी अंगठ्याने जरा दाबलं आणि तिने माझा खांदा असा धरला की वळ उठला. मग ती बोलली. पंधरवड्यापासून दुखतं आहे, हाडाला बारीक चीर असेल, तिच्या खोलीतल्या एका मुलीला तेच झालं होतं आणि तिला एक टर्म मागे टाकलं. "आत्या, बाबाले नको सांगू. कोणालेच नको सांगू. थोडेच महिने राहिले. एकदा तारे लागले की मग दाखवते."

मी तिला विचारलं की तिकडे कोणी विचारत नाही का. विचारतात, ती म्हणाली, रोज सकाळी विचारतात, डॉक्टर आहे, सगळं आहे, आपणच नाही म्हणतो. लष्कराने सगळं ठेवलं आहे, डॉक्टर, खोली, वेळ, रोजचा प्रश्न, आणि आपल्यासारख्या घरातून गेलेली पोरं तिथे जाऊन छाती काढून सांगतात की आम्हाला काही होत नाही. मी तिला आईचं सगळं सांगितलं. तिला फक्त एवढंच माहीत होतं की आजी आजारानं गेली. अंगण, रांग, आई कुठे उभी राहायची, तुमचे जवान, तो बर्फातला पाय, सगळं. ती ऐकत होती, पाय अजून माझ्या मांडीवर. मग तिने विचारलं की उद्या तिच्या हाताखाली तीस जण आले तर त्यांचे पाय तिनेच पाहायचे का. मी म्हटलं ते तुला तुझा सुभेदार शिकवेल, तो असतोच त्यासाठी, पण जिने स्वतःचा पाय लपवला तिच्यासमोर तो जवान मोजा कशाला काढेल? तिने पाय काढून घेतला. मोजा चढवत म्हणाली, "आजीले जे झालं ते तुले होऊ शकते न? तू तपासून घेतलं?" मी तिला म्हटलं की विषय तुझ्या पायाचा चालू आहे.

परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. चीर होती. आणखी काही आठवडे पळाली असती तर हाड पूर्ण मोडलं असतं, मग घरीच परतायचं. आता पाय प्लास्टरमध्ये, आणि एक टर्म मागे. तुम्ही म्हणाल हे बरंच झालं. पण बरं झालं असं कोणालाच वाटत नाहीये, बाबा. दादाने तिकिटं रद्द केली आणि मला फोन केला. तुझ्याकडे राहून आली आणि हे झालं, म्हणाला. मी काय झालं ते सांगितलं. तो मध्येच म्हणाला, "मी बाप आहो न तिचा. मले आधी काहून नाही सांगतलं?" मी विचारलं, सांगितलं असतं तर तू तिला काय म्हणाला असतास. दादा खोटं बोलत नाही, हे मी त्याच्याबद्दल नेहमी सांगते. म्हणाला, "सहन कर म्हटलं असतं." आणि फोन ठेवला. तेव्हापासून तो झाडांना पाणी घालतो आहे.

पोरीलाही माझं काही कौतुक वाटत नाही. काल तिचा फोन आला. तिची बॅच मैदानावर कवायत करते आणि ही खुर्चीवर बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बघते. "माझ्यासोबतच्या सगळ्या निघून जातील, आत्या. मी नव्या पोरींसोबत पुन्हा तेच करत बसीन." रडत नव्हती, चिडली होती. मी म्हटलं हाड जुळेल. ती म्हणाली ते तर डॉक्टरही सांगते. मग म्हणाली की शेजारच्या पलंगावरच्या मुलीचा घोटा सुजलेला तिने पाहिला आणि तिला ओढत डॉक्टरकडे नेलं, आता ती मुलगीही तिच्याशी बोलत नाही. हे सांगताना तिला जरा हसू आलं. मला तुमची आठवण झाली, आणि आठवण आली म्हणून पुन्हा राग आला. हे सगळं तुम्हाला येत होतं. आमच्याआधी, आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. तीस अनोळखी पोरांचे पाय तुम्ही रोज मांडीवर घेत होतात.

लहानपणी तुम्हाला चिठ्ठी लिहिली की पाकिटावर गाव नसायचं. नंबर, हुद्दा, पलटण आणि लष्करी टपालाचा आकडा. तुम्ही कुठे आहात ते आम्हाला माहीत नसायचं आणि तरी चिठ्ठी पोचायची. ही कुठे टाकणार? आणि टाकायची म्हटलं तरी त्या काळात पाकीट आधी आईच्या हातात द्यायचं असायचं. टेबलावरच राहील बहुतेक, गॅसच्या बिलाखाली.

फोन ठेवण्याआधी पोरीने पुन्हा विचारलं, "आत्या, तू गेली होती का तपासाले? खरं सांग." डॉक्टरीणबाईंनी मला कधीचंच सांगितलं आहे की तुमच्या आईला होतं तर तुम्ही दरवर्षी तपासणी करायलाच हवी. दवाखाना माझ्या घरापासून दोन चौक लांब आहे. मी खिडकीशी उभी होते, आणि कोणी शिट्टी वाजवावी तशी माझी पाठ आपोआप ताठ झाली, आणि मी तिला मोठ्याने म्हटलं, सब ठीक.

मी गेलेले नाही, बाबा. एकदाही नाही.